सहा न उघडलेल्या बाटल्या

लोकांना बाटल्या उघडता येऊ नयेत, यासाठी मी बत्तीस वर्षं झटलो. हे ऐकून काही जण मला व्यसनमुक्तीचा कार्यकर्ता समजतात आणि आदराने खुर्ची पुढे करतात. मी बसून घेतो आणि मग खरं सांगतो. मी पंपाच्या बाटल्यांची डोकी बनवायचो. वरून दाबलं की पिचकन साबण हातावर येतो ना, ते डोकं, त्याच्याखालची मान आणि त्या दोघांमध्ये दडलेलं कुलूप.

कुलूप लहान मुलांसाठी. पाच वर्षांखालचं मूल जगातल्या प्रत्येक वस्तूशी तोंडानेच ओळख करून घेतं, आणि काही वस्तूंची ओळख न झालेलीच बरी. म्हणून बाटलीला असं कुलूप हवं, की मुलाला उघडता येणार नाही आणि मोठ्या माणसाला सहज उघडेल. एवढंच काम. त्या कामापायी कंपनीत मला समोर 'बूचसाहेब' म्हणत आणि पाठीमागे नुसतं 'बूच'. दुसरं नाव मला जास्त आवडायचं, त्यात आपलेपणा होता.

माझं सगळ्यात गाजलेलं कुलूप म्हणजे सत्तावीस नंबर. आधीची सव्वीस कुलपं मुलांनी उघडली होती. मुलांच्या परीक्षेचा नियम साधा असतो. बालवाडीत जायचं, दोन-दोन मुलांची जोडी बसवायची आणि प्रत्येकाला रंगीत पाण्याची बाटली द्यायची. पाच मिनिटांत नाही उघडली, तर बाईंनी एकदा उघडून दाखवायची आणि म्हणायचं, "दात वापरलेत तरी चालेल." मग आणखी पाच मिनिटं. हे दातांचं वाक्य मी पदरचं घातलेलं नाही, ते नियमातच आहे. सव्वीस नंबर एका चार वर्षांच्या मुलीने दातांनी उघडला आणि पाणी बाईंच्या पर्समध्ये ओतलं. त्या मुलीमुळे सत्तावीस नंबर जन्माला आला.

त्याच्या डोक्याला दोन बाजूंना दोन कान होते. दोन्ही कान एकाच वेळी चिमटीत घट्ट दाबायचे आणि दाबून धरलेले असतानाच डोकं पाव वळसा फिरवायचं. एकदा औषध आलं, की कुलूप आपोआप पुन्हा बंद. शंभर मुलांपैकी फक्त तिघांना ते उघडता आलं. त्यातला एक पुढेमागे आमच्याच खात्यात येणार, अशी माझी खात्री आहे.

दुसरी परीक्षा वयस्कर माणसांची. मुलांना उघडता येऊ नये हे सोपं आहे, सिमेंट ओतलं तरी जमतं. खरी गोम मोठ्यांची. नियम म्हणतो, पन्नास ते सत्तर वयाची साधी माणसं बोलवा, ज्यांनी हे कुलूप आधी कधी हातात घेतलेलं नाही. बाटली द्या आणि पाच मिनिटं गप्प बसा. सत्तरीनंतर माणसाला बाटली उघडायची गरज पडत नाही, असं नियम करणाऱ्यांचं मत असावं. ते बहुधा पस्तिशीतले होते.

अशी माणसं आणायची कुठून, असा प्रश्न अकरा वर्षांपूर्वी पडला तेव्हा कुणीतरी सुचवलं, आपली निवृत्त मंडळी आहेत की, घरी रिकामीच असतात. बोलावली, तशी आनंदाने आली. बारा जण होते. साच्यांच्या खात्यातले मिस्त्री, टेलिफोनवरच्या बाई, गोदामातले दोघे, असे. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी इस्त्रीचे कपडे घालून यायचे, कँटीनमध्ये चहा-बिस्किटं खायचे, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि बाटल्या उघडायचे. पहिल्या वर्षी त्यांना चार-चार मिनिटं लागत. तिसऱ्या वर्षी एक लागे. सत्तावीस नंबर मिस्त्रींनी सहा सेकंदांत उघडला, तोही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात कप होता. निम्मे जण एव्हाना सत्तरी ओलांडून गेले होते, पण फॉर्मवर सगळे एकोणसत्तरला थांबले होते. मी अहवालात लिहिलं, 'ज्येष्ठांना हे कुलूप अतिशय सोपं जातं,' आणि खाली सही ठोकली.

आता आत्या. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि वडिलांची नोकरी फिरतीची. आत्या मला घरी घेऊन गेली, आपल्या मुलाच्या कपाटातला एक कप्पा रिकामा केला आणि त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. चाळीस वर्षं तिने पडदे शिवले. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, एकदा एका नाट्यगृहाचा. तो एवढा मोठा होता, की ती डबासुद्धा त्याच्या आत बसून खायची. आता शहात्तराव्या वर्षी तिच्या शिवणयंत्रावर कायमचं कव्हर चढलं होतं. बोटांचे सांधे आल्याच्या कुड्यांसारखे झाले होते. डॉक्टरांनी पातळ मलम दिलं, दिवसातून तीनदा बोटांना चोळायचं. मलम जालीम, मुलांच्या पोटात जाता कामा नये, म्हणून बाटलीला आमचं सत्तावीस नंबर.

योगायोगाचा मला कोण आनंद झाला. मी मुद्दाम एक नमुना घेऊन तिच्याकडे गेलो, टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "आत्या, माझं काम बघ. जगात कुणाला उघडता येणार नाही."

आत्याने बाटली दोन्ही तळव्यांत धरून सगळीकडून पाहिली आणि म्हणाली, "हुशार आहेस हो, बाळ." मी तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होतो.

सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, दुसऱ्या शहरात राहतो. तो लिफ्ट तपासनीस आहे. तो कुठल्याही खोलीत शिरला, की आधी वर बघतो, मग खाली, आणि मग माणसांकडे. "आईकडे आलोय. ताबडतोब ये," म्हणाला आणि फोन ठेवला.

गेलो. टेबलावर सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

"मोरीतल्या कपाटात सापडल्या," दादा म्हणाला. "सहा महिन्यांच्या सहा, शिगोशीग भरलेल्या. डॉक्टरांनी विचारलं की सांगते, लावते म्हणून."

आत्या खिडकीपाशी बसली होती. "राहून गेलं," ती म्हणाली.

"सहा महिने?"

"दिवस काय रे, जातात पटापट."

"आई, तुला विसरायला होतंय. आज औषध विसरलीस, उद्या गॅस विसरशील. मी तुला घेऊन जाणार. आमचा चौदावा मजला आहे, पण लिफ्ट मी स्वतः तपासलेली आहे."

"मला वर जायची घाई नाही."

"विनोद नको, आई. बॅग भरायला घे."

आत्याने मान खाली घातली. तिचं सगळं जग त्या दोन खोल्यांत होतं. यंत्र, चिंध्यांचा डबा, खालच्या मजल्यावरची तीन वर्षांची भिंगरी, जी दिवसभर वरच असायची, आणि समोरच्या खिडकीतला एक म्हातारा, ज्याच्याशी ती वीस वर्षं न बोलता भांडत होती. चौदाव्या मजल्यावर यातलं काहीच नेता येणार नव्हतं.

मी काहीतरी करायचं म्हणून एक बाटली उचलली आणि माझे हात थांबले.

प्लॅस्टिकची एक खोड आहे. ते अर्धवट वाकवलं, की वाकल्या जागी पांढरी रेघ उमटते आणि ती पुन्हा जात नाही. बाटलीचा डावा कान पांढरा पडला होता. उजवा कोरा. दुसरी बाटली पाहिली, तिचंही तेच. सहाही बाटल्यांचे डावे कान पांढरे होते. मानेभोवती कात्रीचे ओरखडे. चौथीवर दातांचे व्रण होते. विसरलेल्या माणसाच्या बाटल्या अशा नसतात. एका वेळी एकच कान दबेल, एवढीच ताकद तिच्या चिमटीत उरली होती, आणि ती रोज आठवणीने हरत होती.

"आत्या," मी म्हणालो, "हे तुला उघडत नव्हतं."

"माझ्या बोटांत जोर नाही रे. त्यात बाटलीचा काय दोष?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू केवढ्या कौतुकाने दाखवायला आला होतास. म्हणालास, कुणाला उघडता येणार नाही. आता मी म्हणायचं का, की बाळ, खरंच येत नाही?"

आपल्याला विसरभोळी ठरवून घरातून हलवलं तरी चालेल, पण पोराच्या कामाला नाव ठेवायचं नाही, असा हिशोब करणाऱ्या बाईपुढे माणसाने काय बोलावं, हे मला आजही ठाऊक नाही.

"आण इकडे," दादा म्हणाला. त्याने बाटली घेतली. आधी दाबली, मग ओढली, मग शर्टाच्या टोकात धरून पिळली. कान लाल झाले. बाटलीचे नव्हे, त्याचे.

"दात वापरलेस तरी चालेल," मी नियमाप्रमाणे सांगितलं.

पाच मिनिटांनी त्याने ती टेबलावर ठेवली. "कुलूप वाईट आहे," तो म्हणाला. बत्तीस वर्षांत हे तीन शब्द मला कुणी ऐकवले नव्हते. "पण मला दुसरंच विचारायचंय. सहा महिने हिचे हात दुखत होते, आणि हिने ना तुला सांगितलं ना मला. जी बाई काही सांगतच नाही, तिला एकटं कसं ठेवू? उद्या पडली तर म्हणेल, उठायचं राहून गेलं."

मलम वाटीत काढून ठेवता आलं असतं, पण भिंगरीच्या तावडीतून वाटी सुटली नसती. शेवटी दादाने दोन महिन्यांची मुदत दिली. दोन महिन्यांनी तो येईल. तोवर आईला स्वतःचं औषध कुणाच्या मदतीशिवाय घेता आलं पाहिजे, आणि दुखलं-खुपलं बोलता आलं पाहिजे. नाहीतर बॅग. तोपर्यंत कामावर जाता-येता मी बाटली उघडून द्यायची आणि दुपारी भिंगरीच्या आईने.

पुढच्या बुधवारी कँटीनमध्ये आमची बारा मंडळी बाटल्या उघडताना मी पहिल्यांदाच नीट पाहिली. कुणी बाटलीकडे बघतसुद्धा नव्हतं. शेंगा सोलाव्यात तसं चाललं होतं. मी एक खोकं उचललं आणि समोरच्या दवाखान्याबाहेरच्या बाकांवर जाऊन बसलो. दोन दिवसांत अनोळखी वीस जणांच्या हातात बाटली दिली. तिघांना उघडली. त्यातले एक निवृत्त दंतवैद्य होते.

उरलेल्या सतरा जणांपैकी एकानेही कुलुपाला बोल लावला नाही. बाटली परत देताना सगळे ओशाळून हसले. "माफ करा हं, माझेच हात गेलेत." "पूर्वी असं नव्हतं हो माझं." एक बाई म्हणाल्या, "घरी सुनेला सांगू नका." सतरा जणांनी माझी माफी मागितली, आणि मी अकरा वर्षांची सही खिशात घेऊन ती स्वीकारत बसलो.

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आमचे साहेब भले गृहस्थ, फक्त वाईट बातमी त्यांना उभ्याने ऐकवत नाही. ते बसले.

"अकरा वर्षांत एक तरी तक्रार आली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"साहेब, तक्रार लिहायला बोटं लागतात."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "दोन महिने देतो," ते म्हणाले. "पण बाटलीच्या मानेला हात लावायचा नाही. साचे तेच राहतील. जे काय करायचं, ते डोक्यात करा."

"तिथेच गडबड होती, साहेब."

आता बारा जणांना सांगायचं होतं. मी गोल गोल बोलायला लागलो, तसं टेलिफोनवरच्या बाईंनी थांबवलं. "सरळ सांगा की. आम्ही नापास?"

"नाही हो. तुम्ही फार पास झालात."

मिस्त्री मान खाली घालून चमचा ढवळत बसले. चहात साखर नव्हतीच, त्यांना मधुमेह. "बूचसाहेब, एक सांगतो," ते म्हणाले. "गोदामातून आम्हाला नमुने दोन दिवस आधी यायचे. सोमवारी घरी सराव करायचो. आपल्या मालाला आपल्याच हातून बट्टा लागायला नको म्हणून."

"सगळे?"

"मी नाही," गोदामातले एक म्हणाले. "मी फक्त द्यायचो."

बेइमानी कुणीच केली नव्हती. सगळं प्रेमापोटी झालेलं काम होतं, म्हणून तर अकरा वर्षं पकडलं गेलं नाही. मी त्यांना एवढंच म्हणालो, की चूक माझी, मी घरचीच माणसं परीक्षेला बसवली. मिस्त्री उठले. मला वाटलं, आता हे कंपनीत पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत. ते म्हणाले, "ज्या बाईंना उघडत नाही, त्यांच्याकडे न्या मला."

शनिवारी आम्ही आत्याकडे गेलो. मिस्त्रींनी बाटलीचा विषयच काढला नाही. "बाई, तो वरचा साखरेचा डबा जरा उघडता का?" एवढंच म्हणाले. आत्याने डबा पोटाशी धरला, डाव्या कोपराने आवळला, उजव्या हाताचा तळवा झाकणावर टेकवला आणि खांद्यातून सगळं अंग किंचित वळवलं. झाकण सुटलं. बोटं हवेत मोकळी होती, पाहुण्यासारखी.

"बोटं संपली म्हणून हात संपत नाही," आत्या म्हणाली.

मिस्त्री तिच्या तळव्याकडे बघत राहिले. "बूचसाहेब, आपण जन्मभर बोटांसाठी कुलपं केली. तळव्यासाठी एकही नाही."

अठ्ठावीस नंबर तिथे सुरू झालं. मान तीच, कान गायब. वर रुंद, किंचित खोलगट डोकं, बशीसारखं. तळवा टेकवून अंगाच्या भाराने दाबायचं आणि दाबलेलं असतानाच वळवायचं. पुरतं दाबलं नाही, तर डोकं नुसतंच गरगर फिरतं, आत काही पकडत नाही. लहान मुलाचा तळवा त्या बशीत हरवतो. दोन्ही हातांनी दाबायला जावं, तर बाटली धरायला हात उरत नाही. दोघांनी मिळून केलं तर उघडेल, पण पाच वर्षांखालच्या दोन माणसांचं दहा मिनिटं एका गोष्टीवर एकमत होत नाही, आमचं निम्मं शास्त्र याच भरवशावर उभं आहे.

मिस्त्रींनी घरच्या लेथवर नमुने काढायला घेतले. अडचण आली ती वेगळीच. पहिले तीन नमुने आत्याने हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाली, "छान आहे हो. फार छान."

"उघडलं का?" मी विचारलं.

"उघडेल की, सवय झाली की."

तिसऱ्या वेळी मिस्त्रींचा धीर सुटला. "बाई, तुमच्या या 'छान'पायी माझ्या लेथला गंज चढेल. मी इतकी वर्षं कारखान्यात शिव्या खाल्ल्यात, मला सवय आहे. वाईट काय ते सांगा."

"पाहुण्याला कसं सांगायचं?"

"मी पाहुणा नाही. मी मिस्त्री आहे. पडदा उसवला, तर गिऱ्हाईक तुम्हाला सांगत नव्हतं?"

आत्या सावरून बसली. पडद्याची भाषा तिला कळत होती. "सांगायचं," ती म्हणाली. "आणि सांगितलं नाही, तर मला राग यायचा. न बोलता दुसरीकडे जायचे मेले." मग तिने चौथा नमुना जवळ ओढला. "हे गुळगुळीत आहे. तळवा घसरतो."

पाचव्याची कड टोचत होती. सहावा उघडायचा, पण उघडला हे कळायचं नाही. सातव्यावर काढलेला बाण फिकट होता, आणि आत्याने विचारलं, की हा तरुणांसाठी आहे का. आठव्यात तिला नक्की काय खुपत होतं ते तिलाही सांगता येईना, तरी तिने तो नापास केला. एव्हाना तिला गोडी लागली होती. नववा नमुना तिने तळव्याखाली धरला, खांदा वळवला आणि 'टक्' असा एक हलका आवाज झाला. तिने मलम बोटांवर घेतलं. स्वतःच्या हाताने, मलम मिळाल्यापासून पहिल्यांदा. मग बराच वेळ एकेक बोट चोळत बसली, घरी परत आलेल्या माणसाला बघावं तसं त्यांच्याकडे बघत.

मिस्त्री खिडकीपाशी जाऊन उगाचच समोरच्या म्हाताऱ्याला नमस्कार करून आले. आत्या त्यांच्यावर त्यासाठी दोन दिवस नाराज होती.

बालवाडीत शंभर मुलांनी डोकं गरगर फिरवलं आणि तिसऱ्या मिनिटाला बाटल्या सोडून एकमेकांचे बूट काढायला लागली. दोघांनाच उघडता आलं. कंटाळा हे आमच्या धंद्यातलं सर्वोत्तम कुलूप आहे. दवाखान्याच्या बाकांवर पुन्हा वीस अनोळखी माणसं शोधली. एकोणीस जणांनी बाटली उघडली. विसाव्या आजोबांना झोप लागली होती. आपल्या सुनेला सांगू नका म्हणणाऱ्या बाई लांबून दिसल्या, तसं मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं, की त्या दिवशी तुमचे हात चांगले होते, कुलूप वाईट होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचं हरवलेलं काही परत आणून दिलं होतं. "हे मी घरी सांगितलं तर चालेल ना?" त्यांनी विचारलं.

ठरल्याप्रमाणे दोन महिन्यांनी दादा आला. हातात रिकामी बॅग होती. वर बघितलं, खाली बघितलं, मग आईकडे. मी टेबलावर नवी बाटली ठेवली. नियमाने पाहिलं, तर आत्या आता परीक्षेतून बाद होती, तिला सराव झाला होता. पण दादाला नियम माहीत नव्हते आणि मी ते काढले नाहीत. आत्याने त्याच्याकडे बघत बघत, बाटलीकडे न पाहता, तळवा ठेवला आणि कुलूप उघडलं.

दादाने स्वतः दोनदा उघडून पाहिलं. "हे झालं," तो म्हणाला. "पण न सांगण्याचं काय? मला त्याचीच जास्त भीती आहे, आई. खरंच सांगतो. फोन वाजला की उचलायच्या आधी मी बॅग शोधतो." त्याचा आवाज जरा हलला. तपासनिसाचा आवाज हलणं बरं नव्हे, म्हणून त्याने खाकरून घेतलं.

आत्या बोटांना मलम चोळत होती. "सांगू?" तिने विचारलं.

"सांग ना."

"तुझा रविवारचा फोन पाच मिनिटांचा असतो. त्यातली तीन मिनिटं तू लिफ्टबद्दल बोलतोस."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीकडे पाहिलं.

"तू पाठवलेली खुर्ची मागे कलते. मी तीत बसत नाही. तू येणार असलास की बसते. मोरीत धरायला दांडी हवी, दोन वर्षं झाली, न्हाताना मी नळाला धरते. जिन्यातला दिवा दुसऱ्या मजल्यावर लागत नाही. डावा गुडघाही दुखतो, तो डॉक्टरांना दाखवलेलाच नाही. सूनबाईने पाठवलेला स्वेटर टोचतो, पण हे तिला सांगू नकोस. नाही, सांग."

"हळू, हळू," दादा म्हणाला. त्याने बॅग पायाने बाजूला सरकवली, खिशातून तपासणीची वही काढली आणि रेघ मारून आकडे टाकायला सुरुवात केली. 'क्रमांक तीन, मोरीतली दांडी,' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. "तारीख आजचीच घालतो. बाजारातून येताना घेऊन येतो. पुढे?"

पुढे बरंच होतं. सोळा क्रमांक झाले. इतकी वर्षं 'छान आहे' या झाकणाखाली ठेवलेलं सगळं ती एकेक करून काढत होती, आणि दादा दर क्रमांकागणिक तरुण दिसत होता. मधेच भिंगरी वर आली, तिने नवी बाटली उचलून डोकं दोनदा गरगरवलं आणि कंटाळून चिंध्यांच्या डब्याकडे गेली.

आत्याने हात पुसले आणि माझ्याकडे वळली. "आता तू," ती म्हणाली. "तुझंही आहे थोडं. चाळीस-पन्नास वर्षांचं."

तिचे आभार मानायला मी सकाळपासून वाक्य जुळवत होतो. अकरा वर्षांच्या चुकीतून मला बाहेर काढल्याबद्दल, आणि त्या कपाटातल्या कप्प्याबद्दलही. ते वाक्य काही जुळलं नाही. मी दादाकडून वहीतला एक कोरा कागद मागून घेतला, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हणालो, "सांग, आत्या."